टॅबची रॅम वाढवून मिळते का?

या वेळी टॅबच्या मेमरीबद्दलच इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते, आणि ज्यांचे प्रश्न सारखेच होते त्यांनी आपलं पत्र छापलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, उत्तर इथंच आहे.

प्रश्न: ताई, आमच्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला अँड्रॉइड टॅब आहे, ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेजचा. मुलगी त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ बघते, रात्री मी वाचायला घेते. गेले काही महिने सारखा स्टोरेज भरल्याचा मेसेज येतोय म्हणून १२८ जीबीचं कार्ड टाकलं, तरी मेसेज काही जात नाही. शिवाय ब्राउझरमध्ये एखादा लेख वाचताना मधेच दुसरं काही उघडलं आणि परत आले की पान पहिल्यापासून लोड होतं, मग मी कुठवर वाचलं होतं ते शोधत बसायचं. घरच्या कॉम्प्युटरला रॅम वाढवून घेतली होती तर तो छान पळायला लागला, तसं टॅबला करून मिळेल का?

उत्तर: रॅमचं आधी सांगते कारण तिथं उत्तर सरळ आहे, नाही मिळत. तुमच्याच नाही, बाजारात जे नेहमीचे टॅब आहेत त्यातल्या कुठल्याच टॅबची रॅम नंतर वाढवता येत नाही, मग तो अँड्रॉइडचा असो नाहीतर आयपॅड.

का येत नाही ते मला स्वतःला कळलं ते टॅब उघडून बघितल्यावर. एका जुन्या टॅबची स्क्रीन गेली होती, म्हटलं आता बिघडायला काही उरलं नाही, म्हणून कडा गरम करून पातळ प्लॅस्टिकची पट्टी फिरवत फिरवत काच सोडवली, त्यातच अर्धा तास गेला. आत बघते तर जवळजवळ सगळी जागा बॅटरीने व्यापलेली आणि एका कडेला दोन बोटं रुंदीचा बोर्ड, त्यावर पत्र्याचं झाकण. ते झाकण उचललं तर खाली दोन मोठे काळे चौकोन. एक स्टोरेजचा होता, दुसरा मला प्रोसेसर वाटला, पण त्यावरचा नंबर शोधला तर तो रॅमचा निघाला, आणि प्रोसेसर कुठंच दिसेना. मग कळलं की रॅम प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवलेली आहे, दोन मजले असतात तशी, आणि दोन्हींच्या मधे सोल्डरचे शेकडो बारीक मणी. कॉम्प्युटरच्या बोर्डवर रॅमची कांडी खोचायला जी खाच असते तशी तिथं काहीच नव्हती, आणि ठेवायची म्हटली तरी जागा नव्हती. लॅपटॉपमधली साधी रॅमची कांडीसुद्धा जवळजवळ सात सेंटिमीटर लांब असते, आणि २०२४ चा एम४ चिपचा आयपॅड प्रो बघा, ११ इंची मॉडेल ५.३ मिलिमीटर जाडीचं आहे आणि १३ इंची तर ५.१. त्यात कांडी आणि तिची खाच कुठं बसणार?

जागेचा प्रश्न आहेच पण तेवढाच नाही. टॅबमध्ये एलपीडीडीआर नावाची रॅम असते, ती कमी व्होल्टेजवर चालते म्हणून बॅटरी टिकते. इतक्या कमी व्होल्टेजचा सिग्नल वेगात आणि न चुकता पोचवायचा तर मधलं अंतर जितकं कमी तितकं बरं, म्हणून ती प्रोसेसरला अगदी चिकटवून ठेवतात. एम१ पासूनच्या चिप असलेल्या आयपॅडमध्ये ती डोक्यावर नसून शेजारी असते, पण पॅकेज, म्हणजे चिपचं आवरण, एकच. म्हणजे आपल्याला नवीन काही घ्यायला लावायचं म्हणून कंपन्यांनी हे केलंय असं जे लोक म्हणतात त्यात थोडं तथ्य असेलही, पण हातात धरायला हलका आणि दिवसभर चालणारा टॅब हवा असेल तर त्याची ही किंमत आहे असं मला तरी वाटतं.

आता तुमच्या पत्रातले दोन त्रास वेगळे करूया, कारण दोघांचं मूळ वेगळं आहे. पान परत लोड होतं तो रॅमचा त्रास. रॅम म्हणजे टॅब चालू असताना जे आत्ता हातात धरलंय ते, हात भरले की अँड्रॉइड मागचं ॲप सोडून देतं आणि तुम्ही परत गेलात की सगळं पहिल्यापासून आणावं लागतं. ३ जीबीमधली बरीचशी सिस्टिमच धरून बसते, उरलेल्यात आजची ॲप मावत नाहीत. यावर उपाय म्हणजे ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली जुनी पानं बंद करणं, आणि लांब लेख असेल तर पान डाउनलोड करून वाचणं, क्रोममध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूत वरच्या बाजूला खाली जाणारा बाण असतो तो दाबला की पान सेव्ह होतं, मग निदान नेटवरून पुन्हा यायची वाट बघावी लागत नाही.

स्टोरेज भरल्याचा मेसेज हा मात्र दुसरा त्रास आणि इथं बरंच काही करता येतं. कार्ड टाकलं म्हणजे टॅबची स्वतःची जागा वाढली असं होत नाही, कार्ड ही बाजूची वेगळी खोली असते आणि सामान आपण उचलून तिकडे नेल्याशिवाय जात नाही. मेसेज येतोय तो आतल्या ३२ जीबीबद्दल. त्यातले ३२ सुद्धा पूर्ण मिळत नाहीत, अँड्रॉइड आणि कंपनीने भरून दिलेली ॲप मोठा वाटा खातात. म्हणून एकदा निवांत बसा आणि हे करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो कार्डवर जाऊ द्यायचा पर्याय असला तर तो चालू करा. मुलगी व्हिडिओ ज्या ॲपमधून डाउनलोड करते त्याच्या सेटिंगमध्ये डाउनलोड कुठं करायचं ते विचारलेलं असतं, यूट्यूबला आहे, नेटफ्लिक्सला आहे, तिथं कार्ड निवडा आणि आधीचे डाउनलोड काढून नव्याने करा. जुने फोटो, पीडीएफ फाइल मॅनेजरमधून कार्डवर हलवा, कॉपी करून तसेच ठेवू नका, हलवा. व्हॉट्सॲप मात्र आपलं सामान आतच ठेवतं, त्याला कार्डवर पाठवायचा पर्याय नाही, त्यामुळे त्याच्या सेटिंगमधल्या स्टोरेजच्या पानावर जाऊन मोठे व्हिडिओ आधी काढा, बऱ्याच घरांत निम्मं ओझं तिथंच असतं. काही ॲप कार्डवर हलवता येतात पण ते ॲप बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच, आणि हलवलं तरी थोडं आत राहतंच.

आणि आतली जागा अगदी काठोकाठ भरू देऊ नका, निदान दहावा हिस्सा मोकळा राहू दे. ही जागा म्हणजे फ्लॅश मेमरी, तिच्यात जुनं पुसायचं असेल तर पूर्ण ब्लॉक, म्हणजे मोठा तुकडा, एकदम पुसावा लागतो, मोकळी जागा नसली की आधी हलवाहलवी करायची, मग पुसायचं, मग लिहायचं, आणि टॅब मधेच थिजल्यासारखा होतो. बऱ्याच लोकांना जो रॅमचा त्रास वाटतो तो खरं तर हाच असतो. ३२ पैकी १ जीबी उरलेला टॅब ७-८ जीबी मोकळा केला की अंगावरचं ओझं उतरल्यासारखा चालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रश्न: कार्ड टाकल्यावर टॅब विचारतो की हे पोर्टेबल म्हणून वापरायचं की इंटर्नल म्हणून. इंटर्नल केलं तर सगळी ॲप आपोआप कार्डवर जातील असं मित्र म्हणतो. करू का?

उत्तर: ही सोय अँड्रॉइड ६ पासून म्हणजे २०१५ पासून आहे, सगळ्या कंपन्या देत नाहीत, पण तुमचा टॅब विचारतोय म्हणजे तुमच्यात आहे. पोर्टेबल म्हणजे कार्ड पेनड्राइव्हसारखं वेगळं राहतं. मित्र म्हणतो ते अर्धं खरं आहे. इंटर्नल केलं की टॅब ते कार्ड स्वतःच्या जागेत धरतो, ॲपसुद्धा तिकडे जाऊ शकतात. पण त्यासाठी कार्ड आधी पूर्ण पुसलं जातं, मग एन्क्रिप्ट होतं, म्हणजे त्याला कुलूप लागतं, आणि किल्ली राहते टॅबच्या पोटात.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतेय तर माझं स्वतःचं नुकसान झालंय यात. एका टॅबमध्ये मी असंच केलं होतं, दोन वर्षं छान चाललं, आणि एक दिवस टॅब चालूच होईना. मला काळजी नव्हती, म्हटलं फोटो तर कार्डवर आहेत. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तर लॅपटॉप म्हणतो हे कार्ड फॉरमॅट करा, दुसऱ्या टॅबला लावलं तर तोही तेच. बोर्ड गेला होता, किल्ली त्याच्यासोबत गेली. आईचे शेवटच्या वर्षातले फोटो होते त्यात, आणि दुसरी कॉपी मी कुठंच ठेवली नव्हती.

तेव्हा कार्ड पोर्टेबलच ठेवा. अगदीच ३२ किंवा १६ जीबीचा टॅब असेल आणि ॲप मावतच नसतील तर इंटर्नल करा पण मग कार्ड चांगलं घ्या आणि फोटोंची कॉपी दुसरीकडे ठेवाच. चांगलं म्हणजे कार्डवर ए१ किंवा ए२ असं छोटं चिन्ह असतं ते बघा. ए१ म्हणजे सेकंदाला निदान १५०० वेळा छोटं वाचन आणि ५०० वेळा छोटं लिखाण, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. ॲपला असंच तुकड्या-तुकड्यानं वाचावं लागतं, म्हणून साध्या कार्डवर ॲप ठेवलं की ते रखडतं. ए२ चा पूर्ण फायदा टॅबची साथ असेल तरच मिळतो. नुसते व्हिडिओ ठेवायचे असतील तर या चिन्हाच्या मागे लागायची गरज नाही.

कार्डबद्दलच एकाने विचारलंय की ५१२ जीबीचं कार्ड फार स्वस्तात मिळालं, सुरुवातीला चाललं पण आता जुने व्हिडिओ उघडत नाहीत. कार्ड नकली आहे, दुसरं काही नाही. आतली चिप लहान असते आणि तिच्या कंट्रोलरला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं, खरी जागा संपली की पुढचं लिखाण जुन्यावरच होतं किंवा कुठंच होत नाही, आणि कॉपी झाल्याचं मात्र दिसतं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफथ्री नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. नवीन कार्ड आलं की त्यात काहीही ठेवायच्या आधी ही तपासणी मी न चुकता करते.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे. माझ्या टॅबमध्ये ४ जीबी रॅम आहे आणि सेटिंगमध्ये रॅम ४ जीबीने वाढवा असा पर्याय आहे. तो चालू केला, आता ८ जीबी दाखवतो पण गेम पहिल्यासारखीच अडकते. शिवाय स्टोरेजमधले ४ जीबी कमी झाले. तू म्हणतेस रॅम वाढत नाही, मग हे काय आहे?

उत्तर: अरे ती रॅम नाहीच, तुझ्याच स्टोरेजमधला तुकडा आहे. कंपन्या त्याला रॅम प्लस, व्हर्च्युअल रॅम, एक्स्टेंडेड रॅम अशी नावं देतात. रॅममध्ये जे बराच वेळ वापरलं नाही ते उचलून स्टोरेजमध्ये ठेवायचं आणि लागलं की परत आणायचं, कॉम्प्युटरमध्ये ही गोष्ट कित्येक वर्षांपासून आहे. पण वेगातला फरक बघ, कमी किमतीच्या टॅबमध्ये ईएमएमसी स्टोरेज असतं, त्याच्या ५.१ या आवृत्तीची कागदावरचीच मर्यादा सेकंदाला ४०० एमबी, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि रॅम तेवढ्याच वेळात हजारो एमबी हलवते. गेमला लागतं ते आत्ता, या क्षणी लागतं, ते स्टोरेजमधून आणेपर्यंत गेम अडकणारच. मागे उघडी ठेवलेली दोन-तीन ॲप जास्त वेळ जिवंत राहतील एवढा फायदा होऊ शकतो. स्टोरेज कमी असेल तर बंद कर, सरळ. बंद केल्यावर एकदा रीस्टार्ट कर म्हणजे ४ जीबी परत मिळतील.

आयपॅडलाही हे आहे बरं का, २०२२ च्या आयपॅडओएस १६ पासून एम१ चिप असलेल्या आयपॅड प्रोला आणि ज्या एम१ आयपॅड एअरला २५६ जीबी स्टोरेज आहे त्याला, तिथं स्टोरेज खूप वेगवान असल्यामुळे ते बऱ्यापैकी चालतं.

आणि रॅम साफ करणारी जी ॲप असतात ती टाकली असशील तर काढून टाक. ती मागची ॲप मारतात, अँड्रॉइड ती परत चालू करतं, यात बॅटरीच जाते. अँड्रॉइड रॅम भरलेली ठेवतं ते मुद्दाम, म्हणजे ॲप पटकन उघडावं म्हणून, रिकामी रॅम काही कामाची नसते.

प्रश्न: नमस्कार. माझ्याकडे ६४ जीबीचा आयपॅड आहे. एक दुरुस्तीवाला म्हणतो की आतली चिप बदलून २५६ जीबी करून देतो. विश्वास ठेवावा का? मी निवृत्त शिक्षक आहे, चित्रं काढतो आणि नातवंडांचे व्हिडिओ साठवतो.

उत्तर: नमस्कार सर. तो खोटं बोलत नाहीये, स्टोरेजची चिप काढून मोठी लावणारे कुशल लोक आहेत. पण त्यासाठी काच उघडायची, गरम हवेने जुनी चिप उतरवायची, आयपॅडची ओळख सांगणारी तिच्यातली माहिती नव्या चिपवर लिहायची, ती बसवायची, मग सिस्टिम नव्याने टाकायची. यात एक पाऊल चुकलं की आयपॅड संपला, आणि जुना डेटा तर पुसूनच जातो. वॉरंटी असेल तर तीही जाते. चालत्या आयपॅडवर हे करू नका, माझं ठाम मत आहे.

तुमचं काम बाहेरूनच होईल. आयपॅडला मेमरी कार्डचा स्लॉट पहिल्या २०१० च्या मॉडेलपासून कधीच नव्हता, पण २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्ये पेनड्राइव्ह आणि बाहेरची एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान ड्राइव्ह, उघडते. तुमच्या आयपॅडचं चार्जिंगचं भोक लंबगोल टाइप-सी असेल तर टाइप-सी पेनड्राइव्ह थेट लावा. जुनं बारीक लाइटनिंग असेल तर ॲडॉप्टर लागेल, आणि मोठ्या ड्राइव्हला त्यातून वीज पुरत नाही म्हणून चार्जरची वायरही जोडता येईल असा ॲडॉप्टर घ्या. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असावी, म्हणजे आयपॅडवरही चालते आणि विंडोजवरही. जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, लग्नाचा लांब व्हिडिओ कॉपी होता होता अडकतो तो याच कारणाने. ॲप मात्र बाहेरच्या ड्राइव्हवर टाकता येत नाहीत, तिथं फाइलच ठेवायच्या. चित्रांची मूळ फाइल तिकडे न्या, व्हिडिओ तिकडे न्या, दोन ड्राइव्हवर ठेवलेत तर उत्तमच, आणि सेटिंगमध्ये न वापरलेली ॲप ऑफलोड करायचा पर्याय आहे तो चालू करा, त्यात ॲप जातं पण तुमची त्यातली कागदपत्रं राहतात.

प्रश्न: माझा विंडोजचा टॅब आहे, त्यालाही हेच सगळं लागू आहे का?

उत्तर: रॅमला हो, तीही सोल्डर केलेलीच असते. स्टोरेजचं मॉडेलवर आहे. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो एक्समध्ये २०१९ ला आणि सरफेस प्रो ७ प्लसमध्ये २०२१ ला काढता येणारी एसएसडी आली, पुढे प्रो ८ आणि प्रो ९ मध्येही आहे, मागच्या स्टँडखाली छोटं झाकण असतं त्याच्या आत. ती एम.२ प्रकारची २२३० मापाची असते, २२ मिलिमीटर रुंद ३० लांब, लॅपटॉपमधली नेहमीची लांब एसएसडी तिथं बसत नाही. नुसता सरफेस प्रो ७ असेल, प्लस नसलेला, तर त्यात ती काढता येत नाही, नावात फसू नका. आणि बदलायच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोज ड्राइव्हला जे कुलूप लावतं त्याची, रिकव्हरी की लिहून ठेवा, तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, ती नसली तर जुन्या एसएसडीवरचं काही वाचता येणार नाही. ईएमएमसी स्टोरेजवाले छोटे विंडोज टॅब असतात त्यांची मेमरी बोर्डलाच चिकटलेली, तिथं मायक्रोएसडी कार्ड हाच मार्ग.

प्रश्न: नवीन टॅब घ्यायचाय. बजेटमध्ये दोन बसतात, एक ४ जीबी रॅम १२८ जीबी स्टोरेज, दुसरा ८ जीबी रॅम ६४ जीबी स्टोरेज आणि कार्डचा स्लॉट. कुठला घेऊ?

उत्तर: दुसरा. स्टोरेजची कमी कार्डाने बरीचशी भरून निघते, रॅमची कशानेच निघत नाही. फक्त घेण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या, स्लॉट कार्डचा स्वतंत्र आहे की सिमच्या जागेतच कार्ड टाकायचं आहे, कारण तसं असेल तर सिम किंवा कार्ड यातलं एकच बसेल, आणि किती जीबीपर्यंतचं कार्ड चालतं. सॅमसंगचे बरेच टॅब १ टीबीपर्यंत घेतात पण सगळ्यांचं तसं नाही, आणि गूगलच्या पिक्सेल टॅबलेटला तर स्लॉटच नाही.

आयपॅड प्रो बघत असाल तर तिथं अजून एक गोष्ट आहे जी जाहिरातीत ठळक दिसत नाही. २०२१ च्या एम१ पासून २०२४ च्या एम४ पर्यंत ५१२ जीबीपर्यंतच्या मॉडेलला ८ जीबी रॅम आणि १ टीबी किंवा २ टीबी घेतलं तर १६ जीबी रॅम असं आहे, म्हणजे तिथं स्टोरेज निवडताना तुम्ही रॅमही निवडत असता.

जुन्या टॅबमधलं कार्ड नव्याला चालेल का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. पोर्टेबल असेल तर काढा आणि लावा, सगळं दिसेल. इंटर्नल केलेलं असेल तर जुना टॅब चालू आहे तोवरच त्यातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आजच.